वणव्याची पहिली ठिणगी धुऱ्यावर

माघ संपत आला, पळस फुलला आणि सागाची पाने गळून जमिनीवर खडखडीत वाळली, की आपल्या जिल्ह्यातील डोंगरांवर रात्रीच्या वेळी आगीच्या माळा दिसू लागतात. हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे की, ‘डोंगर पेटला’ एवढे म्हणून गाव झोपी जाते. डोंगर वन विभागाचा, आग वन विभागाची आणि ती विझविण्याची जबाबदारीही वन विभागाचीच, अशी एक समजूत रूढ झाली आहे. या समजुतीस प्रस्तुत लेखात विरोध करावयाचा आहे. जंगलालगतच्या गावात वणवा रोखणे हे शेतीच्या कामांपैकीच एक काम होय. नांगरणी-वखरणीप्रमाणे ते ठरलेल्या वेळी व ठरलेल्या रीतीने व्हावयास हवे, आणि त्याची रीत शेतकऱ्यांपर्यंत नेणे हे कृषी विस्तार कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेत पायथ्याशी, जंगल चढावर

बुलढाणा जिल्ह्यातून अजिंठ्याची डोंगररांग गेली आहे. तिच्या उत्तर उतारावरचे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्यांतून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते; दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात जाते. याच रांगेवर बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या अंगावर अंबाबरवा अभयारण्य असून ते आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. साग, सालई, धावडा, तेंदू, मोह, पळस या झाडांचे हे पानगळीचे रान आहे. उन्हाळ्याच्या तोंडी येथील जमिनीवर वाळलेल्या पानांचा आणि गवताचा थर साचतो. आपल्याकडील वणवा बहुधा झाडांच्या शेंड्यांवरून जात नाही. तो या थरातून जमिनीलगत सरपटत जातो.

शेतकऱ्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट या रचनेत आहे. बहुतेक ठिकाणी शेत पायथ्याशी आहे आणि जंगल चढावर आहे. आग चढावर वेगाने धावते, कारण तिची ज्वाला वरच्या बाजूच्या गवतापाल्यास आधीच तापवून व वाळवून ठेवते. ऑस्ट्रेलियातील वनाग्नितज्ज्ञांचा असा ठोकताळा आहे की, चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो. २० अंशांच्या चढावर तो चौपट होतो. त्यात आणखी भर अशी की, उन्हाने डोंगर तापला म्हणजे दुपारी वाराही खोऱ्यातून वर चढू लागतो. सपाट रानात धुऱ्यावर पेटविलेले गवत शेजाऱ्याच्या बांधाशी जाऊन थांबेल. डोंगराच्या पायथ्याशी पेटविलेले तेच गवत तासाभरात माथा गाठू शकेल. यास्तव डोंगराखालच्या शेतकऱ्याच्या हातातील काडी ही सपाट रानातील शेतकऱ्याच्या काडीहून अधिक धोक्याची आहे.

काडी का ओढली जाते ?

देशातील बहुसंख्य वणवे माणसाच्या हातून लागतात, ही गोष्ट वनशास्त्रात सर्वमान्य आहे. तथापि सर्व दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविणारे आहेत, तेंदूला नवी पालवी लवकर फुटावी म्हणून आग लावणारे आहेत, विडीचे थोटूक टाकून पुढे जाणारे वाटसरूही आहेत. परंतु शेत व जंगल यांची सीमा जेथे एक आहे, तेथे धुरा जाळण्याची आणि पीक निघाल्यावर काडीकचरा पेटविण्याची पद्धत हे वणव्याचे एक मोठे कारण आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

शेतकरी धुरा अविचाराने जाळतो असेही नव्हे. त्याची कारणे आपण समजून घेतली नाहीत, तर आपला उपदेश वाया जाईल. धुऱ्यावरचे गवत व काटेरी झुडपे कापावयास मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. गवतात साप-विंचवाचे भय असते. हार्वेस्टरने गहू काढल्यावर उरलेले धसकट पुढच्या मशागतीस आडवे येते. आणि कपाशी पिकविणाऱ्यास गुलाबी बोंडअळीचे भय आहे. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भाच्या कापूस पट्ट्यात जो घात केला, तो शेतकरी विसरलेला नाही. तेव्हापासून ‘हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट करा’ हा सल्ला आपण गावोगाव देत आलो आहोत आणि तो योग्यच आहे. परंतु ‘नष्ट करा’ याचा अर्थ शेतकऱ्याच्या मनात ‘पेटवून द्या’ असाच उमटतो. हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते; तिचे दुसरे काय करावे हे जो सल्ला सांगत नाही, तो अर्धाच सल्ला होय. उरलेला अर्धा भाग शेतकरी काडीपेटीने पूर्ण करतो.

राख हे खत नव्हे

‘राख पडली की जमीन कसदार होते’ हे वचन अनेक शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. राखेत पालाश व चुना राहतो हे खरे. परंतु काडीकचऱ्यातील नत्र जवळजवळ सर्वच धुराबरोबर उडून जातो, गंधकाचाही काही भाग जातो आणि ज्या सेंद्रिय पदार्थावर जमिनीचा जीव अवलंबून असतो तो तर पूर्णपणे जळतो. उरलेली राखही उतारावर फार काळ टिकत नाही. पहिला जोराचा वारा किंवा पहिला वळवाचा पाऊस ती नाल्यात नेऊन घालतो. जमिनीतील मूळचा ठेवा मोडून त्याच्या व्याजाचा एक आणा हाती घ्यावा, असा हा व्यवहार आहे.

दुसरे वचन असे की, ‘जाळले की गवत जोमाने फुटते.’ जळल्या जागी हिरवे कोंब लवकर दिसतात, ही गोष्ट खोटी नाही. पण दरवर्षी जाळलेल्या कुरणात मारवेल, पवन्या यांसारखी जनावरांच्या आवडीची गवते मागे पडतात आणि आगीस दाद न देणारे कुसळीचे गवत माजते. कुसळे येण्यापूर्वी ते जनावरे खातात, नंतर तोंड लावीत नाहीत. सागाचेही तसेच. मोठे सागाचे झाड आगीतून वाचते म्हणून जंगलास काही झाले नाही असे वाटते. परंतु बी पडून उगवलेली रोपे दरवर्षी जळतात आणि जंगलाची पुढची पिढी उभीच राहत नाही.

तिसरा तोटा पाण्याचा आहे आणि तो सर्वांत महाग आहे. पाल्याचा थर जळून उघडा पडलेला उतार पावसाचा मारा झेलू शकत नाही. पाणी जिरण्याऐवजी वाहते आणि माती घेऊन वाहते. ती माती खालच्या पाझर तलावात, बंधाऱ्यात व धरणात बसते. २०१८ मध्ये ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ या मोहिमेत आपल्या जिल्ह्यातील तलावांचा गाळ यंत्रे लावून उपसला गेला आणि शेतकऱ्यांनी तो आपापल्या शेतात नेऊन टाकला. उपसलेल्या तलावाच्या माथ्यावरचा डोंगर दर उन्हाळ्यात जळू द्यावयाचा असेल, तर तोच खर्च पुन्हा करण्याची तयारी ठेवावी लागेल. डोंगरावरची आग पायथ्याच्या विहिरीपर्यंत पोचते. फक्त ती पोचावयास एक पावसाळा लागतो.

याशिवाय जंगलातील चारा व आडोसा जळाला की रोही व रानडुकरे शेताकडे वळतात. धुऱ्यावरून सुटलेली आग जंगलाकडे जाण्यापूर्वी पुष्कळदा स्वतःच्याच कुटाराची गंजी, गोठा, ठिबकच्या नळ्या किंवा शेजाऱ्याची संत्र्याची बाग गाठते, हेही विसरू नये.

अळी आणि आग यांवर एकच उपाय

धुऱ्यालगत उन्हाळाभर रचून ठेवलेली पऱ्हाटीची गंजी पाहा. तिच्यातील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पुढच्या हंगामाची वाट पाहत असते. आणि तीच गंजी वणव्यास शेतातून जंगलात, किंवा जंगलातून शेतात, जाण्यासाठी पूल ठरते. अळीचे कोठार आणि आगीचे कोठार एकच आहे. म्हणून दोन्हींवरचा उपायही एकच आहे: फरदड न घेता डिसेंबरअखेर कपाशीचा हंगाम संपवावा आणि पऱ्हाटीची विल्हेवाट उन्हाळ्यापूर्वी, न जाळता, लावावी.

ही विल्हेवाट पुढील क्रमाने करता येते. शेवटची वेचणी होताच शेतात शेळ्या-मेंढ्या व जनावरे सोडावीत. ती हिरवी बोंडे व पाला खातात. उरलेली किडकी बोंडे गोळा करून खड्ड्यात खोल पुरावीत. पऱ्हाटी मुळासकट उपटून ट्रॅक्टरवर चालणाऱ्या कुट्टी यंत्राने तिचा बारीक भुगा करावा. पाण्याची सोय असेल तेथे हा भुगा शेणकाला घालून, थर देऊन व ओलावा राखून कुजवावा. त्यापासून उत्तम कंपोस्ट होते. पाण्याची सोय नसेल तेथे भुगा शेतात पसरून रोटाव्हेटरने मातीत मिसळावा; पावसाळ्यात तो कुजतो. जंगलाच्या कडेला मात्र हा भुगा उघडा पसरून ठेवू नये, कारण कोरडे आच्छादन हेही आगीचे खाद्यच होय. गव्हाचे धसकटही याच रीतीने मातीत गाडावे.

कुट्टी यंत्र एकट्या लहान शेतकऱ्यास परवडणार नाही, हे उघड आहे. म्हणून अवजार बँकेतून किंवा शेतकरी गटामार्फत ते मिळवावे, आणि असे यंत्र देताना जंगलालगतच्या गावांचा क्रम प्रथम लावावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. सपाट रानातील गावात यंत्र गेले तर काडीकचरा वाचतो. डोंगराखालच्या गावात गेले तर काडीकचऱ्यासह डोंगरही वाचतो.

धुऱ्याची निगा

वन विभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्यापूर्वी, म्हणजे पौष-माघात, जंगलाकडच्या बाजूस आपल्या हद्दीत सुमारे १० फूट रुंदीचा पट्टा नांगरून वा वखरून काळा करून ठेवावा. त्यावर गवताची काडी राहू नये. धुऱ्यावरचे गवत विळ्याने कापून जनावरांस घालावे किंवा खड्ड्यात कुजवावे. सर्व शेतकऱ्यांनी हा पट्टा सलग ओढला तर गावाभोवती आगीस न ओलांडता येणारी सीमा तयार होते; मध्ये एकाचे शेत सुटले तर तेथूनच आग शिरते. म्हणून हे काम सर्वांनी मिळून करावयाचे आहे. जंगलाच्या हद्दीत मात्र वन विभागाच्या परवानगीवाचून काही तोडू वा नांगरू नये.

येथे गावकरी एक प्रश्न हमखास विचारतात: वन विभाग स्वतः जाळरेषा जाळतो, मग आम्ही धुरा जाळला तर काय बिघडले ? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही दिले पाहिजे. जाळरेषेवरचे गवत आधी कापून वाळविलेले असते. ते आगीचा हंगाम चढण्यापूर्वी जाळले जाते. दोन्ही बाजूंस आग झोडपण्यासाठी माणसे उभी असतात आणि आग विझल्याची खात्री केल्यावाचून ती माणसे हलत नाहीत. धुरा मात्र पुष्कळदा फाल्गुन-चैत्रात, भर दुपारी, एकटा माणूस पेटवितो आणि जेवावयास घरी जातो. फरक आगीत नाही. वेळ, मनुष्यबळ आणि राखण यांत आहे.

जंगलालगतच्या शेतात आग लावूच नये, हाच खरा मार्ग. जंगलापासून दूरच्या शेतात रोगट अवशेष जाळणे अगदीच अटळ झाले, तर पुढील नियम पाळावेत. शेजाऱ्यांस व वनरक्षकास आधी कळवावे. वारा पडलेला असताना, पहाटे, छोटा ढीग करून जाळावे. भोवती पट्टा साफ करावा. पाण्याची टाकी, ओल्या फांद्या व निदान चार माणसे हाताशी ठेवावीत. राखेवर पाणी ओतून ती हाताला थंड लागेपर्यंत जागा सोडू नये.

कायदा आणि भय

भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २६ अन्वये राखीव वनास आग लावणे, तसेच नियम मोडून वन धोक्यात येईल अशा रीतीने आग पेटविणे किंवा ती जळत सोडून जाणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ३० ने अभयारण्यासही असेच संरक्षण दिले आहे. ही कलमे गावकऱ्यांस ठाऊक आहेत. परंतु वन अधिनियमाचे कलम ७९ फारसे कोणास ठाऊक नाही. जंगलात ज्यांना चराईचा वा वनोपजाचा हक्क किंवा परवानगी आहे त्यांच्यावर, तसेच जंगलालगतच्या गावात शासनाच्या नोकरीत असलेल्या प्रत्येकावर, जंगलातील आगीची माहिती मिळताच ती विझविण्याचा व जवळपासची आग जंगलात पसरू न देण्याचा प्रयत्न करण्याचे बंधन या कलमाने घातले आहे. त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावयाची नाही. म्हणजेच ‘हे आमच्या खात्याचे काम नाही’ असे म्हणण्याची सोय ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास कायद्यानेच ठेवलेली नाही.

तथापि केवळ कायद्याच्या धाकाने वणवे थांबत नाहीत, असे आम्हांस वाटते. उलट कधी कधी धाकच घातक ठरतो. धुऱ्यावरची आग हातातून सुटली की शेतकऱ्यास पहिले भय खटल्याचे वाटते. खबर दिली तर आपणच आरोपी ठरू, या विचाराने तो गप्प राहतो. आगीची पहिली १५-२० मिनिटे, ज्या वेळात चार माणसे ती फांद्यांनी झोडपून विझवू शकतात, अशी निघून जातात. म्हणून जो शेतकरी स्वतः धावत येऊन वेळेवर खबर देतो व विझविण्यास हात लावतो, त्याची आणि मुद्दाम आग लावून पळणाऱ्याची गणना एका रांगेत होऊ नये. कायदा बदलण्याची ही मागणी नव्हे. वनरक्षक, पोलीस पाटील व कृषी कार्यकर्ता यांनी गावात विश्वास निर्माण करण्याची ही गोष्ट आहे.

आज उपग्रहही आगीवर नजर ठेवतात. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना भ्रमणध्वनीवर पाठविते आणि नोंदणी केल्यास ती सामान्य नागरिकासही मिळते. ही सोय मोठी आहे. परंतु उपग्रह दिवसातून काही ठरावीक वेळांनाच वरून जातो. धुऱ्यावरचा माणूस आग प्रथम पाहतो, आणि उपग्रहास ती दिसेपर्यंत पुष्कळदा ती डोंगर चढून गेलेली असते. म्हणून गावाच्या वनरक्षकाचा क्रमांक व वन विभागाचा १९२६ हा विनाशुल्क क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

२६ जानेवारीची ग्रामसभा

गावाने मनावर घेतले तर काय होते याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेस २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तेंदूच्या हंगामात झाडांची छाटणी होते आणि रानाला आगी लावल्या जातात, हे पाहून त्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडावयाचीच नाहीत असे ठरविले आणि बांबूच्या विक्रीवर आपला संसार उभा केला. हाती येणारा पैसा सोडून देण्याचा हा निर्णय बाहेरच्या कोणी लादलेला नव्हता. जंगल आपले आहे, ही खात्री त्यामागे होती. प्रत्येक गावाने तेंदू सोडावा असे नव्हे. पण आग न लावता तो तोडावा, आणि मोहाखालचा पाला पेटविण्याऐवजी झाडून बाजूस करावा किंवा खाली जुने लुगडे वा जाळी अंथरावी, एवढा ठराव कोणत्याही ग्रामसभेस करता येईल.

त्यासाठी योग्य दिवसही आहे. २६ जानेवारीस ग्रामसभा भरते आणि आगीचा हंगाम त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू होतो. जिल्ह्यातील जंगलालगतच्या प्रत्येक गावाने या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वणव्याचा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे. सभेत चार गोष्टी ठराव्यात: जंगलाकडचा पट्टा कोणी कोणत्या तारखेपर्यंत नांगरावयाचा, कुट्टी यंत्र कोणाच्या शेतात केव्हा जावयाचे, आग दिसताच दवंडी कोणी द्यावयाची व कोणत्या तरुणांनी धावावयाचे, आणि खबर कोणास द्यावयाची. वनरक्षक व कृषी कार्यकर्ता या दोघांनी त्या सभेस एकत्र उपस्थित राहावे. आजवर एकाने ‘जाळू नका’ असे सांगावे आणि दुसऱ्याने ‘नष्ट करा’ असे सांगावे, असे पुष्कळदा घडते. दोघांच्या तोंडून एकच वाक्य एकाच दिवशी निघाले, तर शेतकऱ्याचा संभ्रम दूर होईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या वार्षिक कामाच्या तक्त्यात बीजप्रक्रिया व माती-परीक्षण यांच्या शेजारी ‘धुऱ्याची निगा’ हे एक काम लिहावे आणि फेब्रुवारीच्या १५ तारखेपूर्वी किती शेतांचा पट्टा काळा झाला याची नोंद ठेवावी. शेतकरी बंधू-भगिनींनी हे काम वन विभागावर उपकार म्हणून करू नये. डोंगरावर मुरणारे पाणी त्यांच्याच विहिरीत उतरते आणि डोंगरावरून सुटलेली माती त्यांच्याच तलावात बसते. पौषात धुऱ्यावर दोन दिवस खर्ची पडतील. पण चैत्रात डोंगर पेटला, तर त्याची भरपाई एका आयुष्यात होणारी नाही.